हजार फुटांवरून

विमान उडवायचा परवाना टिकवायचा तर डॉक्टरांना दर दोन वर्षांनी शिक्षकासोबत एक फेरी मारावी लागे. शिक्षक मी. दुपारचं स्वच्छ ऊन होतं, वारा जेमतेम, काम तासाभराचं.

डॉक्टर दातांचे. हात हलका, पण आकाशात गेले की त्यांच्या अंगात यायचं. वस्तीवर हजार फुटांच्या खाली उतरायचं नाही, हे मी त्यांच्याकडून पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं होतं. तरी मागल्या वर्षी खाणीजवळच्या वस्तीवरून ते छपरांना घासून गेले. कौलं बसवणारा एक म्हातारा दचकून खाली पडला, तो पुन्हा उठलाच नाही. चौकशीत डॉक्टरांनी सांगितलं, हजारावर होतो. मी धावपट्टीवरून सगळं पाहिलं होतं. मीही सांगितलं, हजारावरच होते. वस्तीतली माणसं चकार शब्द बोलली नाहीत. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

या फेरीत परतताना ती वस्ती वाटेत आली. मी उंचीचा काटा पाहिला. बरोबर हजार. मग खाली पाहिलं. प्रत्येक छपरावर माणसं उभी होती. एवढ्या उंचीवरून माणूस म्हणजे मुंगी. मला मात्र एकाच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी दिसत होती.

मी डॉक्टरांना वर घ्यायला सांगितलं.

“सर, मी खाली गेलोच नाही...”

इंजिन घुमलं. बाराशे, पंधराशे, दोन हजार. छपरं तिथेच, चाकांखाली हातभर. ओल्या शेवाळाचा वास आत भरला. माणसं आमच्यासोबत सावकाश माना वळवत होती. प्रत्येकाच्या हातात एकेक कौल होतं. शेवटच्या छपरावर एक म्हातारा पाठमोरा बसून काम करत होता. त्याने हात झटकले, उभा राहिला आणि न वळताच एक हात वर केला.

विमानाची शेपटी खाली ओढली गेली.

डॉक्टरांचे ओठ पांढरे पडले होते. “सर, सांगा ना त्यांना... मागल्या वर्षी मी हजारावर होतो म्हणून.”

मी छपरांकडे पाहिलं. मग म्हणालो, “तुम्ही नव्हतात.”

छपरं झरकन खाली गेली, माणसं मुंग्या झाली. शेपटीचं ओझं मात्र उतरलं नाही. दोघांनी मिळून दांडा धरून कसंबसं विमान टेकवलं. डॉक्टर पट्टा न सोडता बसून राहिले. त्यानंतर ते कधी उडाले नाहीत.

मेकॅनिक विमानाखाली वाकला आणि त्याने मला खुणेनं बोलावलं. आज पोटाखाली कोण गेलं होतं, असं त्याने विचारलं. पोटाच्या पांढऱ्या पत्र्यावर कौलांच्या लाल धुळीत अनवाणी पावलं उमटली होती. शेपटीपासून निघालेली, एकामागे एक, थेट माझ्या जागेखाली येऊन थांबलेली.

परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.