गिळलेल्या वाक्यांचा अहवाल

पाळी दुसरी. कामगार अठ्ठावीस. गिळलेली वाक्यं: शून्य.

"बघा डॉक्टर!" साळोखे साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "सहा महिन्यांपूर्वी रोज तीनशे यायची. आता सगळे खूश."

दूधपावडरच्या त्या कारखान्यात प्रत्येकाच्या गळ्यात कंठपट्टी होती. माणूस बोलता बोलता थांबतो, तेव्हाही घशाचे स्नायू किंचित हलतात. न बोललेलं वाक्य तिथे उमटतं. पट्टी ते टिपायची, नाव पुसायची आणि साहेबांच्या पडद्यावर पाठवायची. खरं कळावं, कुणाची नोकरी जाऊ नये, एवढाच डॉ. गुर्जरांचा हेतू. पट्टी त्यांनीच बनवली होती.

पहिल्या आठवड्यातली वाक्यं:

ऐकून तरी घे की बाबा

स्वतः चढून बघ ना मनोऱ्यावर

धुवायचं सोडून माल काढायला लावतोय, एक दिवस पे...

नावं नव्हती. पण बोलण्याच्या ढबीवरून साहेबांनी तिघांना ओळखलं आणि गोदामात पोती वाहायला धाडलं.

डॉक्टर रुक्सानापाशी आले. मनोऱ्यात दुधाचा फवारा गरम हवेत वाळवायचं काम ती सोळा वर्षं करत होती.

"ताई, तुमचंही शून्यच. समाधानी?"

"समाधानी कसली? मी गिळतच नाही. सकाळीच साहेबांना तोंडावर सांगितलं, तीन दिवस मनोरा धुतला नाही, आत पावडर करपतेय, पेट घेईल."

"मग?"

"म्हणाले, बाकी सत्तावीस गप्प आहेत, तुझाच घसा का खवखवतो?"

डॉक्टर चपापले. बोललेलं पट्टीला ऐकू येत नव्हतं. पण मग बाकीच्यांचं शून्य कसलं? त्यांनी हातातल्या यंत्रावरून सगळ्या पट्ट्यांची संवेदनक्षमता पार टोकाला नेली.

"विचारा बाकीच्यांना," ते म्हणाले.

रुक्साना वळली. "करपल्याचा वास कुणाकुणाला येतोय?"

कुणी बोललं नाही. यंत्राचा पडदाही कोरा.

"ते लपवत नाहीयेत," डॉक्टर हळूच म्हणाले. "तिघं गोदामात गेल्यापासून मनात वाक्य तयारच होत नाहीये."

"मालन, तू तर माझ्याआधी ओळखायचीस गं," रुक्साना शेजारी काम करणाऱ्या बाईला म्हणाली.

मालनने खरोखरच हुंगून पाहिलं. कपाळाला आठी पडली. "कसला वास, आपा?"

 रुक्सानाने गरम हवेची झडप फिरवून बंद केली.

"ए, कुणाला विचारून?" साहेब ओरडले.

"कुणालाच नाही! काढा मला. पण धुतल्याशिवाय ही झडप उघडायची नाही."

झडपेला पाठ लावूनच तिने मालनचं मनगट धरलं, तिला शेजारच्या मनोऱ्याच्या दाराशी ओढलं. फटीतून तपकिरी धूर येत होता.

"म्हण, करपतंय."

मालन अनोळखी भाषा ऐकावी तशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "कर..."

"मोठ्यांदा."