कोकराचा खांदा, फक्त दोघांसाठी

"एकट्या माणसाला खांदा मिळत नाही, पोरी," पबची मालकीण थेल्मा म्हणाली. "सूप घे. नाहीतर सँडविच."

सकाळपासून मी यॉर्कशायरच्या डोंगरांतून चालत होते. बारीक पाऊस बुटांत शिरून मोज्यांशी गप्पा मारत होता. आणि आत पाऊल टाकलं तर — भाजलेलं कोकरू, रोजमेरी, करपत आलेला कांदा... ओला कोट न काढताच मी फळ्यापाशी गेले. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: कोकराचा खांदा, रात्रभर मंद आचेवर. आणि खाली, दोन रेघा मारून: फक्त दोघांसाठी.

मी म्हटलं, पैसे दोघांचे देते. थेल्मा म्हणाली, प्रश्न पैशांचा नाही, अर्धा खांदा परत आला की माझा जीव तुटतो. मी म्हटलं, एक तुकडाही परत येणार नाही. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि ओले कोट टांगायच्या खुंट्यांखालचं टेबल दाखवलं.

रागानं माझे कान तापले. ही सहल माझी आणि जोसलिनची ठरलेली. ऐन निघताना तिला नवा प्रियकर मिळाला आणि मैत्रीण हवेत विरली. तेव्हापासून जो तो मला विचारत होता, "एकट्याच?" जणू मी एक पाय घरी विसरून आले होते.

मी सूप ढवळत बसले. कुणाच्या तरी कोटाचं पाणी माझ्या पावावर ठिबकत होतं. तेवढ्यात माझ्या नाकाखालून खांदा गेला — तांबूस, चकचकीत, भोवती बटाटे आणि टम्म फुगलेली, पावासारखी खारी यॉर्कशायर पुडिंगं. थेल्मानं तो खिडकीपाशी ठेवला. तिथे कुरळ्या केसांचा एक तरुण बसला होता. एकटा.

"नाही आली अजून?" थेल्मानं मायेनं विचारलं.

"गाडी बंद पडली असेल," तो उसासा टाकत म्हणाला. ती वळताच त्यानं काटा उचलला. वाट पाहणारा माणूस असा तुटून पडत नाही.

मी उठून थेट त्याच्या टेबलाशी गेले.

"कुणी येणार नाहीये. हो ना?"

त्याचा घास अडला. "जरा हळू... इथले म्हातारे तसे बहिरे आहेत, पण अशा गोष्टी त्यांना बरोबर ऐकू येतात."

"मी खरं बोलले तर मला सूप. तुम्ही खोटं बोललात तर खांदा."

"मग बसा ना. माझं खोटं खरं होईल आणि तुमचं पोट भरेल." त्यानं खुर्ची ओढली. डोळे हिरवट होते, आणि त्यांत लाज अशी नव्हतीच. "मी ग्विलिम."

"ब्रिओनी. आणि तुमचं खोटं मी पाठीवर वाहणार नाही."

असं म्हणून मी बसले. काय करणार — खांदा वाफाळत होता.

पहिला घास तोंडात जातो न जातो तोच थेल्मा आली. तिचा चेहरा उजळला. "आली गं बाई एकदाची." तिनं मला कुशीत घेतलं, जास्तीची ग्रेव्ही आणली. बारपाशी बसलेला एक म्हातारा गुरकावला, की सोन्यासारख्या पोराला दर रविवारी ताटकळत ठेवतेस, शोभतं का तुला? दुसऱ्यानं मान डोलावली. ज्या माणसाचं नाव मला आत्ता कळलं होतं, त्याला छळल्याचा आळ माझ्यावर!

मी काटा खाली ठेवला. "मी ती नाही. ह्यांना मी आत्ताच भेटले. एकट्याला जेवायला देत नाही तुम्ही, म्हणून माणसं खोटं बोलतात."

थेल्मा त्याच्याकडे बघत राहिली. "खरं का रे, ग्विल?"

"खरं आहे." तो उठून उभा राहिला. मघाचा मिश्कीलपणा कुठल्या कुठे गेला होता. "पहिल्या रविवारी मी खरंच वाट पाहत होतो. तिच्यासाठीच वेल्स सोडून इकडच्या शाळेत नोकरी घेतली. ती आली नाही. नंतर... येईल म्हणणं सोपं होतं. येणार नाही, हे म्हणवत नव्हतं."

थेल्मा फळ्याकडे गेली आणि ॲप्रनच्या टोकानं खालची ओळ पुसून आली. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

माझा राग मात्र पत्ता बदलून भलतीकडेच निघाला होता.

"कोण ही बिनडोक बाई?" मी विचारलं.

तो आधी दचकला, मग हसला... इतका, की मलाही हसू आवरेना. हाड चाटूनपुसून लख्ख होईपर्यंत आम्ही बोलत होतो. तो मुलांना भूगोल शिकवतो आणि स्वतः रस्ता चुकतो. मी ब्रिस्टलमध्ये लोकांना चष्मे बसवून देते आणि माणसं ओळखायला चुकते. पुदिन्याच्या सॉसवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कुणाकडून आधी ते आठवत नाही.

तो मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. एकच छत्री — त्याचा डावा खांदा भिजत होता, माझा उजवा.

"अजून रागावली आहेस?"

"हो."

"माझ्यावर?"

वळणावर बसचे दिवे दिसले. "ह्या बसवर. रोज उशिरा येते म्हणतात. आजच वेळेवर यायचं होतं हिला?"

छत्री हळूच माझ्या बाजूला कलली, आणि त्याच्या ओल्या बोटांनी माझी बोटं शोधली. मी ती शोधू दिली.

बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरनं कंटाळून विचारलं, "ताई, चढताय की भांडताय?"

"भांडतेय," मी म्हटलं. "अजून बरंच बाकी आहे. तुम्ही जा."