डावी पोटरी

दिवे येईपर्यंत पेपरचं काम बंदच, तर ऐका पोरांनो, आणि मध्ये हसू नका. सविता ओळखीतली बाई आहे. तिनं स्वतः सांगितलंय.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा. केडगावच्या घरून सविता स्कुटीवर ऑफिसला निघाली. काम पाच मिनिटांचं. तिच्या कंपनीत दवाखान्यांचे स्कॅन यायचे. यंत्र एकेक स्नायू ओळखून रंगवायचं, नाव लिहायचं, डावा की उजवा तेही सांगायचं. सविता तपासून सही करायची. 'यंत्र चुकत नाही' ही मालकाची जाहिरात आपल्याच पेपरात पहिल्या पानावर होती, विसरू नका.

चुकायचं कसं नाही? स्कॅनमध्ये माणूस आपल्यासमोर तोंड करून असतो, त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे. यंत्राला शिकवायला दहा-दहा तास बसवलेल्या पोरी नेमक्या इथंच चुकायच्या. यंत्र तेच शिकलं.

काष्टीच्या रंगनाथ पैलवानाची उजवी पोटरी आतून सडली होती. यंत्रानं 'डावी' लिहिलं. सवितानं घाईत सही केली. दवाखान्यानं धडधाकट डावा पाय कापला. उजव्यातलं विष अंगभर गेलं आणि माणूस संपला. त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, तक्रार केली. शनिवारी सकाळी चौकशी अधिकारी येणार होते.

मालक रविराज फोनवर गोड बोलला होता. "सविताताई, 'डावी'चं 'उजवी' करायचं, बास. आपण काय कुणाच्या पोटावर पाय देतोय का?"

म्हणजे सगळा दोष दवाखान्याचा, कंपनी नामानिराळी. नाही केलं तर नोकरी जाणार, हे त्याला सांगावं लागलं नाही.

तिनं पैलवानाची फाईल उघडली. शब्द बदलला.

पडद्यावरच्या डाव्या पोटरीचा रंग उडाला.

रविराज घरी बसून खोड्या काढतोय, असा तिला संशय आला. तिनं इंटरनेटची वायर उपटली. दुसऱ्या पेशंटची फाईल उघडली. डावी पोटरी कोरी. तिसऱ्याची... कोरी.

जिन्यात आवाज झाला.

ठप्.

मग बराच वेळ काही नाही...

ठप्.

एकाच पायाचा.

दाराशी येऊन थांबला. सविता वळली नाही. बोटं मात्र कीबोर्डवर गेली. 'उजवी' खोडलं. 'डावी' लिहिलं.

"पैलवान... सही माजी हुती. उद्या सांगते मी."

...

पोटरी हळूहळू रंगली.

शनिवारी तिनं अधिकाऱ्यांना सगळं लिहून दिलं. त्याच दुपारी नोकरी गेली. रविराजनं रात्रीची हकीकत हसण्यावारी नेली, म्हणे यंत्राचा बिघाड.

जानेवारीत त्याचा डावा पाय मुरगळला. स्कॅन पुण्यात काढला. कंपनी वेगळी, यंत्र वेगळं. डॉक्टरांनी डावी पोटरी दाबून पाहिली, जागेवर होती. स्कॅनमध्ये मात्र तेवढाच भाग कोरा. बाकी स्नायूंची नावं इंग्रजीत होती. तिथं मराठीत एकच शब्द...

न्हाई.