कानातला वाटाणा

गारा इतक्या अचानक सुरू झाल्या, की स्टुडिओच्या फाटकाबाहेर तमाल, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे सारणभरले मुटके, विकणाऱ्या बाईंच्या छत्रीखाली शिरण्यावाचून इलाज नव्हता. शिरलेच आहे तर खाऊन घ्यावं, म्हणून मी म्हणाले, "एक हिरवा तमाल द्या, पावात घालून." हिरवा, म्हणजे हिरव्या मिरचीच्या चटणीतला.

"एक हिरवा तमाल द्या... पावात घालून," माझ्या मागून आवाज आला. खोल, भिजलेला, जणू कुणी आयुष्यातला शेवटचा निरोप घेत होतं.

मी वळले. उलिसेस!

हा चेहरा मला पाठ होता. डाव्या गालावरची खळी, बोलण्याआधी किंचित वर जाणारी भुवई, सगळं. त्याने मात्र मला कधीच पाहिलं नव्हतं. मी त्याच्यासाठी फक्त एक आवाज होते.

आमच्या मालिकेत संवाद पाठ करायला कुणाला वेळ नसतो. रोज नवा भाग चित्रित होतो. म्हणून प्रत्येक नटाच्या कानात एक इवलंसं यंत्र असतं. त्याला सगळे 'वाटाणा' म्हणतात. मी वरच्या काचेच्या खोलीत माईकसमोर बसून एकेक वाक्य कुजबुजते आणि खाली नट माझ्यामागून ते बोलतात, रडत, ओरडत, एकमेकांच्या गळ्यात पडत. विद्यापीठात मी ध्वनिशास्त्र शिकले. ही नोकरी सुट्टीपुरती धरली होती... सुट्टी कधीच संपली.

"तू... तू वाटाणा आहेस!" उलिसेस म्हणाला.

"माझं नाव नायेली आहे."

"माझं नाव नायेली—" त्याने स्वतःच्याच तोंडावर हात मारला. "बघ ना! सवयच लागलीय. तू बोललीस की तोंड आपोआप चालतं."

"मग मी सावध राहायला हवं."

"नको गं, अजिबात नको राहूस."

तमालवाल्या बाई वाफाळत्या भांड्याचं झाकण धरून ताटकळल्या होत्या. "अरे, तुम्ही दोघांनी मिळून एक मागितलाय की दोन?"

"दोन!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

त्यानंतर उलिसेसच्या मधल्या सुट्ट्या माझ्या काचेच्या खोलीत जाऊ लागल्या. तो चिंचेच्या तिखट गोळ्या आणायचा आणि भिंतीला टेकून बसायचा.

"मागच्या बुधवारी माझी सासू माझी खरी आई निघाली," तो म्हणायचा. "आता निदान एवढं सांग, बायको तरी नात्यातली नाही ना निघणार?"

"माहीत नाही."

"खोटारडी. तुला सगळं माहीत असतं."

मला खरंच माहीत असायचं, पण फक्त त्याच सकाळी. कथेला मोठं वळण असलं की ती पानं फक्त माझ्याकडे यायची. दिग्दर्शक रोहेलिओ सरांचा तसा नियमच होता. ते म्हणायचे, धक्का आधी नटाला बसला पाहिजे, मग प्रेक्षकाला. त्यामुळे आपण खुनी आहोत, जुळे आहोत किंवा मेलो आहोत हे आमच्या नटांना कॅमेऱ्यासमोर, माझ्याच तोंडून कळायचं.

एकदा मला राहवलं नाही. चित्रीकरणाच्या अगदी आधी मी माईकवर पुटपुटले, "तुझी कॉलर वर झालीय." सेटवरच्या सगळ्या पुरुषांनी एकाच वेळी कॉलरी नीट केल्या. वाटाणे सगळ्यांच्याच कानात होते ना! आईचं काम करणाऱ्या एल्वीराबाई, आमच्या सगळ्यांच्या 'दोन्या एल्वीरा', काचेकडे बघत ओरडल्या, "पोरी, माझ्या झग्याला कॉलरच नाहीये गं!"

मी टेबलाखाली लपले. उलिसेस मात्र दिवसभर कॉलर चाचपत हसत होता.

एका गुरुवारी तो उड्या मारतच वर आला. "खोली मिळालीय. इथून दोन गल्ल्यांवर. बाल्कनी एवढीशी आहे, जेमतेम एक खुर्ची मावेल. उद्या सही करतोय."

"म्हणजे आता कायमचा इथेच?"

"हे काम आहे तोवर तरी. नाहीतर गावी, एर्मोसियोला परत, बाबांच्या टायरच्या दुकानात." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. "पण मला इथेच राहायचंय, नायेली. कारण... असू दे. शब्द सुचले की सांगेन. तू कानात कुजबुजत नाहीस ना, तोवर मला काही सुचतच नाही."

शुक्रवारी सकाळी पानं आली. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, डॉक्टर दमियानला गोळी लागते. दमियान म्हणजे उलिसेस. चौथ्या पानावर त्याची शवपेटी होती. पाचव्या पानावर तो नव्हता.

मी जिन्यात उभी राहिले. तो शीळ घालत आला. "काय मग? आज जुळा भाऊ येतोय का माझा?"

सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या शेवटच्या दिवसाचा खेळ मीच मोडला असता. पण गप्प तरी कशी बसू?

"उलिसेस... त्या खोलीची सही आज नको करूस."

त्याची शीळ थांबली. त्याने माझ्या चेहऱ्यावर जे वाचायचं ते वाचलं.

"बरं," तो हळूच म्हणाला. "मग आज जरा सावकाश कुजबुज. घाई नको करूस."

मी सावकाश कुजबुजले. "आई... दिवा लाव. अंधार झालाय." सेटवर पडलेल्या उलिसेसने ते लगेच म्हटलं नाही. त्याने आधी मान वळवून वर काचेकडे पाहिलं, आणि मगच म्हटलं. "काय थांबला, वा!" रोहेलिओ सर खूश. मला मात्र पुढची ओळ दिसेना. डोळे भरले होते.

दुपारी शवपेटीचा प्रसंग लागला. त्यात संवाद नव्हते, नुसतं रडणं. अशा वेळी सगळे वाटाणे काढून ट्रेमध्ये ठेवतात. मी मॉनिटरवर पाहिलं, ट्रे भरलेला दिसत होता. पेटीत आडव्या झालेल्या उलिसेसने मात्र हळूच कानाला बोट लावलं. त्याचा वाटाणा कानातच होता.

'ॲक्शन' झालं. दोन्या एल्वीरा पेटीवर ओणव्या होऊन हमसाहमशी रडू लागल्या. माझं काम होतं गप्प बसणं. समोर माईक होता आणि वेळ निघून चालली होती.

"उलिसेस," मी कुजबुजले. "परत जाऊ नकोस ना. ती खोली घे. दुसरं काम शोधू, मी मदत करेन... मला तू आवडतोस. खूप. हसू नकोस हं, तू मेलायस."

आधी ओठांचा कोपरा हलला. मग गालावर ती खळी उमटली आणि प्रेत मनापासून हसलं!

"अरे देवा!" दोन्या एल्वीरा किंचाळल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, कळेना. "हसू नकोस म्हटल्यावर कोण थांबतं गं, पोरी?"

दोन्या एल्वीरा कानातला वाटाणा जेवतानाही काढत नाहीत, हे मी विसरलेच होते. आणि रोहेलिओ सरांच्या डोक्यावर तर कायम हेडफोन असतात.

"कट," ते म्हणाले. "नायेली, खाली ये."

मी खाली गेले. सर एका हाताने फोन कानाला लावून तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघत होते. आई ओणवी होते, प्रेत हसतं, आई किंचाळते.

"दमियान मेला नाहीये," ते फोन ठेवत म्हणाले. "तो सगळ्यांना फसवतोय."

"पण... का फसवतोय, सर?"

"ते लेखिकेला सोमवारी सुचेल. प्रेक्षक खुर्चीतून पडले पाहिजेत, बस्स! आणि नायेली, माईक फक्त संवादांसाठी असतो."

"हो, सर."

"आजचा मात्र चांगला होता."

उलिसेस पेटीत उठून बसला होता. चेहऱ्यावर मेलेल्या माणसाची पांढरी पावडर, कान मात्र लालबुंद. त्याने कानातला वाटाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता.

"आता माझं मला बोलू दे," तो म्हणाला.

त्याने तोंड उघडलं... मिटलं. भुवई वर गेली, खाली आली. "मी... म्हणजे तू... ते..."

"अरे, सांगा कुणीतरी याला!" दोन्या एल्वीरा कळवळल्या.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. एक शब्दही देणार नव्हते.

"ती बाल्कनी," शेवटी तो म्हणाला, अगदी हळू. त्यात नाटकी काहीच नव्हतं. "मी मघाशी पेटीत पडल्या पडल्या नीट विचार केला. जरा दाटीवाटीने... दोन खुर्च्या मावतील."

मी वाटाण्यावर मूठ मिटली आणि पहिल्यांदाच त्याच्यामागून म्हणाले, "दोन खुर्च्या मावतील."