परीक्षा संपेपर्यंत

सुगंधा मडावी अभ्यासाला बसताना आधी कानामागे लक्षपट्टी चिकटवायची. नांदेडच्या त्या वसतिगृहात निम्म्या मुलींच्या कानामागे ती असायची. मन पुस्तकात किती गुंतलंय हे पट्टी मोजायची आणि त्याची हिरवी रेघ देशोदेशीच्या अनोळखी माणसांच्या फोनवर उमटायची. ही माणसं म्हणजे सुगंधाचे कर्जदाते. 'पाठीराखा' नावाच्या ॲपवरून थोडे थोडे पैसे घालून त्यांनीच तिची फार्मसीची फी भरली होती. रेघ खाली घसरली, तर पुढचे पैसे ते दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळवू शकत.

म्हणून ॲपने 'राखण' नावाची कृत्रिम बुद्धीची मदतनीस दिली होती. परीक्षेच्या दिवसांत येणारे फोन ती स्वतःच घ्यायची आणि थेट सुगंधाच्या आवाजात बोलायची. मैत्रिणी, मावशी, कुणालाच फरक कळत नसे. सुगंधाला त्याची गंमतच वाटायची.

शेवटचा पेपर देऊन ती बाहेर आली, तर फोनवर कर्जदात्यांच्या शाबासक्यांचा पाऊस पडलेला. त्याखाली राखणीचा निरोप होता : 'आता सांगायला हरकत नाही. परवा तुमच्या आईचं निधन झालं.'

ती पायरीवरच बसली. तिथूनच तिने ॲपच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"मला का नाही सांगितलं?"

"कर्जदात्यांचं मत घेतलं होतं, मॅडम," पलीकडची मुलगी मऊ आवाजात म्हणाली. "बहुतेकांना तुमच्या भविष्याची काळजी वाटली. एक काका तर रडले."

"म्हणजे त्या सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळे तुमच्यासोबत आहेत, मॅडम. पुढच्या शिक्षणालाही द्यायला तयार आहेत."

सुगंधाने पट्टी ओरबाडून काढली. कातडीही निघाली.

किनवटजवळच्या आपल्या गावी ती पोचली, तेव्हा आईची माती केव्हाच होऊन गेली होती. बाबा ओट्यावर बसले होते. ती त्यांच्या पायाशी कोसळली. ते रागावले नाहीत.

"तुझ्याशी बोलूनच गेली ती," ते म्हणाले. "ताप डोक्यात चढला होता. मला ओळखत नव्हती, पण फोनवर तुझा आवाज बरोबर ओळखला. 'आई, घाबरू नको, मी निघालेच,' म्हणालीस. मग ती दाराकडे तोंड करून पडून राहिली."

ते बोलणं आपलं नव्हतंच, हे सुगंधाने सांगावं, तर आईला शेवटी मिळालेला तेवढा आधारही खोटा ठरत होता.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "निघाले म्हणालीस, मग आली का नाहीस गं, पोरी?"