सुतळीच्या मापाची बंदूक

ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल हसावं. मी तिथं होतो. मला हसू आलं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढचा उन्हाळा. मुरुडजवळचं मामाचं गाव. रात्र नव्हती. भर दुपारचे बारा.

मी तेव्हा मुरुडला मास्तर. केरबामामा सुतार. सुतळीचा तुकडासुद्धा फेकायचा नाही, असा माणूस. बायको मात्र झटपट बदलली. पंचफुलामामी गेली अन् चौथ्या महिन्यात शिवगंगामामी आली. पहिली कशानं गेली? मला म्हणाला, आडात पडली. गावाला सांगितलं, तापानं गेली.

पाणी आटलं तशी रानडुकरं विहिरीजवळच्या हिरव्या तुकड्यात घुसायला लागली. राखणीला शिवगंगामामी एकटीच. तिचा बाप जुना शिकारी. परवाना लेकीच्या नावावर करून त्यानं बंदुकीची नळी अन् घोडा दिला. लाकडी दस्ता मामा करणार होता, तिच्या हाताच्या मापानं. माप चुकलं, तर डुकरासमोर तिचं काही खरं नव्हतं.

मामानं खुंटीवरची सुतळी काढली. मामीच्या कोपरापासून बोटापर्यंत धरली. गाठ मारली.

ती सुतळी मी ओळखली...

पंचफुलामामीच्या तिरडीचं माप याच सुतळीनं घेतलं होतं. अशी सुतळी चितेवर टाकतात.

"मामा, ही ठेवली व्हय?"

"चांगली हाय की. कशाला जाळायची? तुम्ही मास्तर लोक लई भेता."

दस्ता झाला... मामीच्या हाताला चार बोटं जास्तच लांब.

नवं लाकूड घेतलं. पुन्हा तेवढाच लांब.

मी सुतळी पाहिली. गाठ सरकली होती. मारलेली गाठ सरकत नसते.

"तुझा हातच आखूड हाय," मामा मामीला म्हणाला. "चालव तसंच."

"अन् डुकरानं उचललं मला, तर?"

"तर तिसरी करीन."

मामी हसली नाही.

नेम बघायला भिंतीवर मडकं ठेवलं. मामीनं बार ठासला. बांगड्या वर सारून फडक्यानं बांधल्या. बंदूक खांद्याला लावली. मामा बाजूला, दारात विडी ओढत बसलेला.

"आवो, माझं बोट पोचंना चापापर्यंत."

कावळे एकदम गप्प झाले.

आणि... बांगड्या वाजल्या.

मामीच्या बांगड्या तर बांधलेल्या होत्या.

नळी हळूहळू वळली... मडक्यावरून भिंतीवर. भिंतीवरून दाराकडं.

"मामी, नळी खाली!"

"मी न्हाई वळवायले, मास्तर!"

बार उडाला.

मामा दारातच बसून राहिला. विडी तेवढी खाली पडली.

पोलिसांनी मामीला चार वेळा रिकामी बंदूक धरायला लावली. बोट एकदाही चापापर्यंत पोचलं नाही. शेवटी अपघात लिहून गेले.

मामी आता म्हातारी झालीय. गेल्या दिवाळीत धीर करून विचारलं, "त्या दिवशी तुझ्या मागं कोण होतं?"

तिनं भाकरी थापायचं थांबवलं नाही.

"कोण ते न्हाई ठाऊक. पण कानात म्हणली, बाई, तू डोळे मीट."

"मग?"

"मिटले की मी."

तिनं गरम भाकरी माझ्या ताटात टाकली.