बिनपात्याची चांदीची कात्री

शेजारचं घड्याळाचं दुकान बंद होतं, म्हणून तो आमची पायरी चढला. शाळामास्तर असावा. बाहीवर खडू, कपाळावर घाम आणि हातात चांदीची एक कात्री… जिला पातीच नव्हती! पात्यांच्या जागी नुसती एक गोल कडी.

"आत्याच्या कपाटात चमच्यांबरोबर सापडली. जुनी आहे. पण हिचं करतात काय?"

काकांच्या दुकानात मी आठ वर्षं जुनी चांदी दुरुस्त करतेय. काकांचा नियम एकच — आधी ओळख, मग घास. पण मास्तर हसले, गालाला खळी पडली आणि मी बोलता बोलता कात्री लखलखीत घासून मोकळी झाले. कडीतल्या काळ्या डागासकट.

"ओळखलीत?"

"अं… उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी ठोकून दिलं, "अंगठीचं माप घ्यायची असेल."

"बघू तुमचं बोट."

कडीत माझी दोन बोटं मावली. त्यांनी कात्रीची मूठ हलकेच दाबली, तर कडीतून बारीक दात पुढे सरकले! त्यांनी घाबरून माझा हात बाहेर ओढला… आणि सोडायला विसरले.

"माप घेता घेता बोटच जायचं की!" मी म्हणाले.

मग रोज नवा तर्क. मेणबत्तीची वात कापायची? चिरूट? काहीच जुळेना. आणि हे रोज येतात ते कात्रीसाठी, की…? तेही कळेना. कोडं सुटलं तर यायचे थांबतील, एवढी धास्ती मात्र पक्की होती.

शनिवारी सकाळी उकडलेलं अंडं खाताना चांदीचा चमचा काळा पडला. घास हातातच राहिला. कडीतला तो डाग अंड्याचा होता! आणि पुरावा मीच घासून टाकला होता!

सांगू? नको सांगू? दुकानापर्यंत तीनदा मन बदललं. पण ते समोर आले आणि मला खोटं बोलवेना. जेवणाच्या डब्यातलं उकडलेलं अंडं काढलं, कडी टोपीसारखी बसवली, मूठ दाबली. टक्! अंड्याचं वरचं टोक टोपणासारखं अलगद निघालं.

"अंड्याचं टोक कापायची कात्री. चूक माझीच. डाग ठेवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"बरं झालं घासलात…" ते पुटपुटले. मग चेहरा उतरला. "म्हणजे आता यायला कारण नाही."

मी फडक्याची घडी घालत राहिले. मोडत राहिले.

"वापरली की पुन्हा काळी पडेल?"

"पडणारच."

"मग रोज घासायला आणावी लागेल."

"त्यापेक्षा घासणारीच घेऊन जा ना!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आत काकांना खोकल्याची उबळ आली. मास्तर कानापर्यंत लाल झाले होते.

"पण मग…" ते हळूच म्हणाले, "अंगठीचं माप कशानं घ्यायचं?"

मी हात पुढे केला.